पाच शब्दांपुढे एकच ‘आळशी’

मित्रांनो, माझं पहिलं पान फाटून गेलं आहे. त्यामुळे माझा जन्म कोणत्या सालचा, हे मला छापील पुराव्यानिशी सांगता येणार नाही. मी एक जुनी इंग्रजी-मराठी डिक्शनरी आहे. माझं कापडी पुठ्ठ्याचं अंग एकेकाळी तांबडं होतं. आता त्याला काय रंग म्हणावा, तो शब्द माझ्याही पोटात नाही.

मुंबईत गिरगावातल्या एका छापखान्यात मी तयार झाले. ज्या गृहस्थांनी मला लिहिलं, ते अकरा वर्षं माझ्यासाठी खपले. त्यांच्यावर माझा राग नाही. पण काम संपत आलं तेव्हा प्रकाशक म्हणाला, की शेवटी समानार्थी शब्दांची चार पानं जोडा, विद्यार्थ्यांत खप होईल. ती चार पानं त्या गृहस्थांनी बहुधा एका दुपारी जेवणानंतर उरकली. त्यात एका ओळीत पाच इंग्रजी शब्द आहेत. लेझी, आयडल, स्लगिश, इंडोलंट, लिस्टलेस. आणि त्या पाचांपुढे मराठी शब्द एकच, आळशी. आळसाच्या ओळीला येऊनच त्यांनी आळस केला, म्हणा ना. आत त्या त्या शब्दांच्या जागीही तेच, आळशी, सुस्त, आणि पूर्णविराम.

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुस्तकाला आपल्या पोटात काय छापलंय ते पाठ असतं, कळतंच असं नाही.

श्रीपाद मास्तरांनी मला जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलं. त्यांचं शिक्षण संपलं आणि ते गावी परतायला निघाले. आगबोटीने आम्ही मालवणला आलो. आगबोट लांब समुद्रात थांबते आणि माणसं पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरवतात, तिथे एक लाट आत आली. माझी एच अक्षराची पानं अजून खारट आहेत, कुणाला चाखून पाहायची असतील तर.

मालवणहून कट्टा नावाच्या गावी, आणि तिथून दीड मैलावर एका वाडीत मास्तरांचं घर. त्या वाडीचं नाव मी सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत. जवळच्या हायस्कुलात मास्तर इंग्रजी शिकवू लागले. रोज सकाळी मी त्यांच्या पिशवीतून शाळेत जायची आणि संध्याकाळी घरी यायची. त्यांचं लग्न राहून गेलं होतं. घरात ते आणि त्यांची धाकटी बहीण विमला, अशी दोघंच. विमला सतराव्या वर्षी लग्न होऊन सावंतवाडीला गेली होती आणि एकोणिसाव्या वर्षी, कपाळ मोकळं घेऊन, परत आली होती.

मित्रांनो, त्या काळी इंग्रजी येणारा माणूस म्हणजे गावाची मालमत्ता. मुंबईच्या कचेरीतून कुणाला इंग्रजी पत्र आलं की ते आमच्या ओट्यावर यायचं. तार आली तर अख्खी वाडी यायची. आधी रडून घ्यायचे आणि मग मास्तरांना विचारायचे, काय लिहिलंय. एकदा वाडीतल्या आनंदीबाई घटकाभर ऊर बडवत होत्या. तारेत होतं, की मुलगा शनिवारी निघतोय. मास्तर मला मांडीवर घेत, पानं उलटत, आणि मी जे सांगेन ते गाव खरं मानी. माझं असं कौतुक पुन्हा झालं नाही. पावसाळ्यात मला बुरशी धरू नये म्हणून विमला मला चुलीवरच्या फळीवर ठेवायची, सुक्या मिरच्यांच्या आणि आमसुलांच्या शेजारी. मास्तरांपेक्षा मिरच्यांचाच वास मला जास्त आहे.

विमला मराठी चार यत्ता शिकली होती. इंग्रजी तिला कुणी शिकवलं नाही. भात शिजेपर्यंत ती मला खाली काढायची आणि भावाने आणलेल्या इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकाशेजारी उघडून बसायची. आधी अक्षरं, मग शब्द, मग ओळी. अशी पाच-सहा वर्षं गेली. भात कधी लागला नाही, एवढं मी सांगेन.

वाचता वाचता तिला माझी चोरी सापडली. गोष्टीत एक नवाब लोडाला टेकून दिवसभर पडलेला असायचा, त्याच्यापुढे इंडोलंट. एक नांगर पावसात कुंपणाला टेकून ठेवलेला, त्याच्यापुढे आयडल. दोघांना मी म्हणत होते, आळशी. विमला म्हणाली, नांगर कसला आळशी? आणि तिने मास्तरांची पेन्सिल घेऊन माझ्या समासात लिहायला सुरुवात केली.

तिचं अक्षर बारीक आणि डावीकडे कललेलं. आयडलच्या शेजारी लिहिलं, ‘पावसाळ्यात वाळूवर ओढून ठेवलेली होडी. काम नाही, म्हणून पडली आहे.’ स्लगिशच्या शेजारी, ‘ओहोटीचं खाडीतलं पाणी. जातं, पण सावकाश.’ इंडोलंटच्या शेजारी, ‘ज्याला लोळणं आवडतं. खोतांचे भाऊ, झोपाळ्यावर.’ आणि लेझीच्या शेजारी नुसतं, ‘बाळा.’ बाळा म्हणजे शेजारचा. तो नारळ पाडायला येतो सांगायचा आणि नारळ आपसूक पडेपर्यंत यायचा नाही.

लिस्टलेसच्या शेजारी तिने काय लिहिलं, ते पुढे सांगते.

हे सगळं मास्तरांना ठाऊक नव्हतं. त्यांना हवे ते शब्द बहुतेक पाठच होते. ते मला उघडत ते दुसऱ्यांची खात्री पटवायला.

अठ्ठावन्न साली आठवीच्या वर्गात लक्ष्मी नावाची मुलगी आली. खालच्या वाडीतल्या परशुरामाची मुलगी. परशुरामाचं चार कुणग्यांचं, म्हणजे चार तुकड्यांचं, भातशेत आणि काजूची थोडी झाडं. त्या वाडीतून हायस्कुलात गेलेली ती पहिलीच मुलगी. तिला पाठवायचा हट्ट तिच्या आईचा, सीतेचा. तेव्हा इंग्रजी आठवीत सुरू व्हायचं. जूनमध्ये लक्ष्मीने पहिल्यांदा मला हात लावला तेव्हा तो ओला होता, तिने तो आधी परकराला पुसला.

लावणी आटोपली आणि श्रावणात सीता तापाने गेली. पाच दिवसांचा ताप. तेराव्यानंतर लक्ष्मी शाळेत आली आणि तिसऱ्या बाकावर बसली. मी टेबलावर असायची, मला ती समोर दिसायची. ती रडत नव्हती. झोपतही नव्हती. फळ्याकडे बघायची, पण फळा तिच्या डोळ्यांत उतरत नव्हता. प्रश्न विचारला तर उभी राहायची आणि बस म्हणेपर्यंत उभीच. घरी ती पाणी भरायची, भाकऱ्या भाजायची, सारं करायची असं म्हणतात. शाळेत मात्र वही कोरी. मास्तर दोनदा रागावले. तिसऱ्यांदा रागावले नाहीत, त्यांनी तिच्याकडे बघणं सोडलं.

सहामाही झाली. हेडमास्तरांनी त्या वर्षी नवा नियम काढला होता. प्रगतिपुस्तकातला शेरा इंग्रजीत लिहायचा, म्हणजे पोरांना आणि पालकांना इंग्रजीची सवय होईल. पालकांना कसली सवय होणार होती ते हेडमास्तरच जाणोत. श्रीपाद मास्तर अडतीस पुस्तकं घेऊन ओट्यावर बसले. पाच जणांना आळशी म्हणायचं होतं. पाचही ठिकाणी लेझी लिहिणं त्यांना बरं दिसेना. मास्तरला शब्द कमी पडले असं कोण म्हणेल! म्हणून त्यांनी माझं शेवटचं पान काढलं, पाच शब्दांची ती ओळ. आणि पाच मुलांना पाच शब्द वाटून टाकले, देवळात तीर्थ वाटतात तसे, जो पुढे येईल त्याच्या हातावर.

लक्ष्मीच्या वाट्याला इंडोलंट आला.

मित्रांनो, मी तेव्हा उघडीच होते. शब्द माझ्यातूनच गेला. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. मला काही वाटलं नाही.

दोन दिवसांनी परशुराम ते पुस्तक घेऊन आमच्याच ओट्यावर आला. अंगठा उठवण्याआधी काय लिहिलंय ते ऐकायचं होतं. मास्तरांनी मुलीबद्दल सांगितलं, चेडू आळशी झालंय. परशुरामाने गालावरून हात फिरवला. त्याच्या दाढीचे खुंट वाढले होते. मग म्हणाला, “शाळेत जावन आळशीच जाता, तर नाव काढून टाका तेचा. दिवाळीनंतर येवचा नाय.”

मास्तर म्हणाले, एवढ्यावरून काढू नकोस. पण त्यांचा आवाज तसा नव्हता. पोरगी शिकत नव्हती, हे त्यांना खरंच वाटत होतं. परशुरामाने मान हलवली, अंगठा उठवला आणि पुस्तक ओट्यावरच ठेवून गेला.

विमला आत पोह्यांची पाखडणी करत होती. दिवाळीला चार दिवस होते. ती सूप घेऊनच बाहेर आली, ओट्यावरचं प्रगतिपुस्तक उचललं आणि शेरा वाचला. तो शब्द वाचता येईल एवढं इंग्रजी आपल्या बहिणीला येतं हे मास्तरांना त्या क्षणी कळलं. ती म्हणाली, “भाई, हो शबुद खोतांच्या भावाचो. लक्ष्मीचो न्हय.”

मास्तर हसले. म्हणाले, शब्द पाचही सारखेच, वाटल्यास डिक्शनरीत बघ.

“बघलंय,” विमला म्हणाली. तिने मला घेतलं, एल अक्षरावर उघडलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. मग ती आत निघून गेली आणि सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

लिस्टलेसच्या शेजारी समासात लिहिलं होतं, ‘काहीच नको होणं. झोपही नको. हे माझं ते वर्ष. भाई आळशी म्हणाला.’

सावंतवाडीहून परत आल्यावर विमला वर्षभर मागच्या दारात बसून असायची. पुढ्यात तांदळाचं सूप आणि हात तांदळात. खडा दिसला तरी हात हलायचा नाही. मास्तर शाळेतून आले की म्हणायचे, उठ गो, किती आळशी झालंस. त्यांना वाटायचं, असं म्हटलं की माणूस उठतं. मी तेव्हा पिशवीत असायची, मला ते रोज ऐकू यायचं.

मास्तर त्या पानावर किती वेळ बसले कुणास ठाऊक. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग प्रगतिपुस्तक आणि मी, दोघांना काखेत मारून ते खालच्या वाडीकडे निघाले.

वाटेत परशुरामाचं शेत लागलं. सगळ्यांची कापणी होऊन गेली होती. त्याचं भात पिकून आडवं झालं होतं, दाणे चिखलात गळत होते, आणि पाखरं कुणाला न भिता बसली होती. वाडीतले म्हणत, परशुराम आळशी झालो. मास्तरांनीही ते ऐकलं होतं, आणि मान डोलावली होती.

परशुराम खळ्यात बसला होता. विळा शेजारी होता, धार लावून ठेवलेला. लक्ष्मी चुलीशी होती. मास्तर खळ्यातच खाली बसले. त्यांनी दौत-टाक आणला होता. प्रगतिपुस्तक उघडून त्यांनी इंडोलंटवर आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली. शेऱ्यात खाडाखोड चालत नसे, पण केली. लिस्टलेस लिहावं असं आधी त्यांच्या मनात असावं, कारण टाक एल काढायला वळला आणि थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उद्या कुणीही तो शब्द माझ्यात बघितला असता तर मी काय सांगणार होते? आळशी.

मग त्यांनी मराठीत लिहिलं आणि वाचून दाखवलं. ‘आई गेली. मुलीचं मन कशात नाही. तिचा दोष नाही. शाळेत पाठवावी.’

“चुकी माझी,” मास्तर म्हणाले. “तुझा चेडू आळशी नाय, परशुरामा. आवस गेल्यार माणसाक काय एक नको जाता. ती येगळी गोष्ट.”

परशुराम विळ्याकडे बघत होता. म्हणाला, “मास्तरानु, माकाय तसाच जाता. सकाळी उठान शेताकडे बघतंय आणि बसतंय. तेका इंग्लिशीत काय म्हणतत?”

मास्तरांनी शब्द सांगितला. परशुरामाला तो म्हणता आला नाही. दोनदा ओठ हलवले, मग सोडून दिलं.

“नाव आसा,” तो म्हणाला, “म्हणजे आधी कोणाक तरी झाला आसतला.”

मास्तर म्हणाले, “झाला हा. माझ्या घरात.”

चुलीशी भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला.

परत जाताना मास्तर तीन घरांत थांबले. काय बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही, कारण प्रत्येक ठिकाणी त्यांनी मला ओट्यावर ठेवलं आणि स्वतः आत गेले. दुसऱ्या दिवशी सात-आठ माणसं विळे घेऊन परशुरामाच्या कुणग्यात उतरली. त्यांत बाळाही होता. उशिरा आला, पण आला. अर्धं भात हाती लागलं. परशुराम बांधावर बसूनच होता, दुपारनंतर उठून कापू लागला.

हेडमास्तरांनी मराठी शेरा पाहिला, पान उलटलं आणि पुढचं प्रगतिपुस्तक घेतलं.

दिवाळीनंतर लक्ष्मी शाळेत आली. ती बरी झाली असं समजू नका, मित्रांनो. तिसऱ्या बाकावर बसली आणि फळ्याकडे तशीच बघत राहिली. फरक एवढाच, की आता तिला कुणी उभं केलं नाही. शाळा सुटल्यावर विमला तिला ओट्यावर बोलवायची, एक सूप तिच्या पुढ्यात ठेवायची, एक आपल्या, आणि दोघी तांदूळ निवडायच्या. निवडायच्या म्हणजे काय, बसायच्या. विमलाने तिला कधी समजावलं नाही, की आईची आठवणही काढली नाही. मी दोघींच्या मध्ये असायची, वाऱ्याने तांदळाखालचा कागद उडू नये म्हणून.

माघ महिन्यात एकदा लक्ष्मीने आपण होऊन मला उघडलं. पानं उलटत ती एल अक्षराशी आली. बराच वेळ वाचलं. मग विचारलं, “ह्या तुमी लिवलां?”

“होय.”

“मगे?”

“मगे काय नाय,” विमला म्हणाली. “एक दिस भूक लागली.”

लक्ष्मीने पेन्सिल मागितली नाही, शेजारी होती ती घेतली. विमलाच्या ओळीखाली लिहिलं, ‘माझंही. आई श्रावणात गेली.’ तिचं अक्षर मोठं. ओळ समासात मावेना, अगदी कडेपर्यंत गेली.

फाल्गुनात शिमग्याच्या सुट्टीआधी ती पुन्हा त्याच पानावर आली. खाली जागा उरली नव्हती. म्हणून कडेला, पान आडवं धरून, उभ्या ओळीत तिने तीन शब्द लिहिले. ‘आज भूक लागली.’

त्यानंतरचं माझं आयुष्य सांगण्यासारखं फारसं नाही. साठ सालानंतर मास्तरांकडे नवी, जाड डिक्शनरी आली. तिच्यात त्या पाच शब्दांपुढे पाच निरनिराळे अर्थ आहेत, नीट क्रमांक घालून. ती माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मी मान्य करते. मी चुलीवरच्या फळीवर राहिले, पावसाळ्यात आणि मग उन्हाळ्यातही. ए आणि बी अक्षरं वाळवीने खाल्ली. तारा वाचायला मला कुणी काढेना. मीही आयडल झाले होते, विमलाच्या अर्थाने, वाळूवरच्या होडीसारखी.

लक्ष्मी मॅट्रिक झाली आणि आचऱ्याच्या बाजूला एका प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागली. जाताना ती विमलाच्या पाया पडायला आली. विमलाची दृष्टी तेव्हा अधू झाली होती. तिने चाचपडत मला फळीवरून काढलं, पदराने पुसलं आणि दिलं. म्हणाली, “माझा वाचून झाला. घेवन जा.”

आता तीन वर्षं झाली, मी लक्ष्मीबाईंच्या टेबलावर असते. प्राथमिक शाळेत इंग्रजी नाही, त्यामुळे अर्थ बघायला मला कुणी उघडत नाही. पण शेरे लिहायच्या दिवशी, एखाद्या पोराच्या नावापुढे टाक थांबला, की बाई मला एल अक्षरावर उघडतात. तिथे त्यांची पेन्सिल कायम असते. तिच्यामुळे माझी पाठ तिथेच उसवली आहे. परवा बाई उचलायला गेल्या आणि मी दोन तुकड्यांत त्यांच्या हातात आले.

म्हणून उद्याच्या गाडीने मला सावंतवाडीला पाठवणार आहेत, पुस्तकं बांधणाऱ्याकडे. तो पाठ शिवेल, नवा पुठ्ठा चढवेल. पण त्या लोकांची एक रीत असते. पुस्तक बांधून झालं की कडा सारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी सुरी फिरवतात. फार नाही, बोटभर. लक्ष्मीची ती उभी ओळ अगदी कडेला आहे. सुरीखाली पहिली तीच जाईल.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच सांगेन, की कुणाच्या नावापुढे शब्द लिहाल तेव्हा माझ्या छापील ओळीवर विसंबू नका. तिथे काय लिहायचं होतं ते मला फार उशिरा कळलं, आणि तेही मी लिहिलेलं नाही.

लक्ष्मीबाईंनी आता एक चिठ्ठी लिहून माझ्या पोटात ठेवली आहे, बांधणाऱ्यासाठी. मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून.

‘पाठ शिवावी. कडा वेड्यावाकड्या राहिल्या तरी चालतील. समास कापू नये.’